वायूचे कूळ

ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ शोधू नये, असे आपल्याकडे म्हणतात. शोधणारास बहुधा ओशाळे व्हावे लागते, हा त्या म्हणण्यामागचा अनुभव. रसायनशास्त्रज्ञाला ही म्हण निराळ्या कारणाने पटेल. शुद्ध केलेले एखादे द्रव्य त्याच्या हाती दिले, तर ते कोठून आले हे त्या द्रव्याच्या गुणांवरून त्याला ओळखता येत नाही. किरणोत्सारी कर्बाची मोजदाद करण्याची अर्वाचीन युक्ती सोडली, तर बटाट्यापासून काढलेला वायू आणि दगडी कोळशापासून काढलेला तोच वायू यांत तो भेद करीत नाही, व आपल्या कामापुरता भेद करण्याचे त्याला कारणही नसते. इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र ही म्हण पाळून चालत नाही. कूळ आणि मूळ शोधणे हाच त्याचा व्यवसाय. ब्यूटाडाइन नावाच्या एका वायूचे कूळ पाहू गेल्यास गेल्या शतकातील तीन बलाढ्य राष्ट्रांचे अंतरंग जितके उघडे होते, तितके त्यांच्या तहनाम्यांवरून आणि भाषणांवरूनही होत नाही, असे मला वाटते.

हा वायू रंगहीन असून शून्याखाली साडेचार अंशांच्या सुमारास द्रवरूप होतो. म्हणजे नुसत्या बर्फाने त्याचे पाणी होत नाही, आइस्क्रीमच्या पॉटात घालतात तसे बर्फात मीठ घालावे लागते. कर्बाचे चार अणू एका रांगेत, त्यांस चिकटलेले हायड्रोजनचे सहा, आणि रांगेच्या दोन्ही टोकांशी एकेक दुहेरी बंध, अशी त्याची घडण आहे. या दुहेरी बंधांमुळे एका रेणूला शेजारच्या रेणूचा हात धरता येतो, त्याला तिसऱ्याचा, आणि अशा हजारो रेणूंची साखळी जुळली की वायूचे रबर होते. आज जगात निघणाऱ्या ब्यूटाडाइनचा मोठा वाटा मोटारींच्या टायरांत जातो. प्रवासाच्या बॅगा, यंत्रांची कवचे आणि मुलांचे एकात एक बसणारे ठोकळे ज्याचे होतात त्या चिवट प्लॅस्टिकमध्येही तो असतो, आणि एका जातीच्या नायलॉनच्या घडणीतही. कारखान्यात वर्षानुवर्षे तो श्वासावाटे घेणाऱ्या कामगारांस रक्ताचा कर्करोग होण्याचा धोका असतो, हे मात्र फार उशिरा ध्यानात आले.

फ्रान्समध्ये काव्हान्तू याने १८६३ साली हा वायू प्रथम वेगळा केला. झाडाच्या चिकातील रबर ज्या द्रव्याच्या साखळीचे बनलेले असते ते आयसोप्रीन. ब्यूटाडाइन हे त्याचे धाकटे भावंड, एका कर्बाने कमी. पुढील चाळीसपन्नास वर्षे ही माहिती प्रयोगशाळेतच राहिली, कारण झाडांचे रबर स्वस्त होते. ते स्वस्त कसे होते हे कांगोतील लिओपोल्ड राजाच्या कारभाराने जगाला दाखविलेच. तेव्हा नैसर्गिक रबराचे कूळही काही निर्मळ नव्हते. ब्राझिलातून १८७६ साली लंडनच्या क्यू उद्यानात नेलेल्या बियांपासून सिंहलद्वीपात व मलायात मळे उभे राहिले आणि रबराची किल्ली इंग्रज व डच यांच्या हाती आली. १९२२ साली इंग्रजांनी उत्पादनाला आळा घालून भाव चढविण्याचे धोरण स्वीकारले, तेव्हा मोटारीच्या युगात आपल्याजवळ रबराचे झाड नाही याची बोच इतर राष्ट्रांस खरी लागली. जर्मनीला ती पहिल्या महायुद्धातच लागली होती. त्या वेळी तिने ब्यूटाडाइनच्याच एका नातलगापासून रबर करून पाहिले होते; परंतु ते महाग, आणि थंडीत लाकडासारखे ताठर होई.

रशियाने १९२६ साली एक स्पर्धा जाहीर केली. कृत्रिम रबराचा दोन किलो नमुना आणि ते मोठ्या प्रमाणावर काढण्याची योजना १ जानेवारी १९२८ पूर्वी सादर करावयाची होती. पीटर्सबर्गचे, म्हणजे तेव्हाच्या लेनिनग्राडचे, प्राध्यापक सेर्गेई लेबेडेव्ह यांनी १९१० सालीच ब्यूटाडाइनचे रबर बनते हे दाखविले होते. त्यांनी आपल्या हाताखालच्या मंडळींसह नोकरीचे तास संपल्यावर हे काम चालविले. थंडाव्यासाठी लागणारा बर्फ नेव्हा नदीवरून आणीत. तापविलेल्या धातुभस्मांवरून मद्यार्काची वाफ सोडली की एका टप्प्यात ब्यूटाडाइन मिळे, आणि सोडियमच्या सान्निध्यात त्याचे रबर बने. डिसेंबर १९२७ च्या अखेरीस दोन किलोंचा नमुना मॉस्कोस रवाना झाला. जुलै १९३२ मध्ये यारोस्लाव्ह येथील कारखाना सुरू झाला, आणि मागोमाग व्होरोनेझ व येफ्रेमोव्ह येथील. मोठ्या प्रमाणावर कृत्रिम रबर करणारा पहिला देश तो रशिया. लेबेडेव्ह यांना ते वैभव फार काळ पाहता आले नाही. १९३४ च्या मे महिन्यात टायफसच्या तापाने त्यांचा अंत झाला.

येथे वाचकांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. बाकूच्या तेलविहिरी ज्याच्या घरात, त्या देशाने आपले रबर बटाट्याच्या व धान्याच्या मद्यार्कापासून काढले. बीझोव्ह नावाच्या दुसऱ्या संशोधकाने तेलापासून ब्यूटाडाइन काढण्याची योजना दिली होती आणि सरकारने तिचीही परीक्षा पाहिली. पण मद्यार्काची कृती तयार होती आणि सरकारला घाई होती. यारोस्लाव्हचा कारखाना सुरू झाला त्याच १९३२ च्या उत्तरार्धात आणि १९३३ मध्ये युक्रेन, कुबान व कझाकस्तान या प्रांतांत लक्षावधी माणसे अन्नावाचून मेली. दुष्काळ रबरामुळे पडला असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. सक्तीच्या धान्यवसुलीच्या तुलनेने रबराकडे गेलेला वाटा लहानच होता. परंतु खाण्याजोगी वस्तू टायरासाठी आंबविण्याचा निर्णय ज्या राज्यात कोणालाही न विचारता होऊ शकला, ते राज्य कोणते हे त्या निर्णयावरून समजते.

जर्मनीजवळ तेल नाही, आणि फाजील धान्यही नाही. होता तो दगडी कोळसा आणि चुनखडी. तेव्हा तेथील रसायनज्ञांनी वाट काढली ती अशी, की कोळसा व कळीचा चुना विजेच्या भट्टीत एकत्र तापवून कार्बाईड करावयाचे. हे तेच कार्बाईड, जे जुन्या सायकलींच्या दिव्यांत घालीत आणि ज्याने आंबे पिकविण्याची खोड आपल्या बाजारातून कायद्याने बंदी होऊनही गेलेली नाही. त्यावर पाणी पडताच ॲसिटिलीन वायू सुटतो. पुढे एकामागून एक चार पायऱ्या चढून त्याचे ब्यूटाडाइन होते. वाट लांबची, विजेचा खर्च अफाट. व्यापाराच्या हिशोबाने वेडेपणाच. पण हिटलरच्या राज्यात हिशोब व्यापाराचा नव्हता. ब्यूटाडाइन आणि सोडियमचे जर्मन नाव नाट्रियम यांची पहिली अक्षरे जोडून या रबराला 'बुना' म्हणत. १९२९ साली आय. जी. फार्बेन या प्रचंड कंपनीच्या संशोधकांनी त्यात स्टायरीन मिसळून टायरास योग्य असा प्रकार सिद्ध केला, आणि १९३६ च्या चतुर्वार्षिक योजनेने त्याला सरकारी पाठबळ दिले. श्कोपाऊ, ह्यूल्स, लुडविग्सहाफेन असे कारखाने उभे राहिले. चौथा कोठे काढावा हा प्रश्न १९४० च्या अखेरीस निघाला.

जागा निवडण्याचे काम कंपनीचे एक अधिकारी ओटो आम्ब्रोस यांच्याकडे होते. हे गृहस्थ रसायनज्ञ म्हणून खरोखर निष्णात. त्यांनी नकाशा पाहिला. सायलीशियाचा कोळसा जवळ, चुना जवळ, नद्यांचे पाणी मुबलक, लोहमार्गांचा सांधा सोयीचा, आणि शत्रूची विमाने तेव्हा तेथवर पोहोचत नसत. पोलंडमधील त्या गावाचे नाव ओश्विएंचिम, जर्मन उच्चाराने आउश्वित्झ. तेथे बंदिवानांची एक छावणी आधीच होती, आणि तिच्यामुळे मजुरांचीही सोय लागणार होती. १९४१ च्या मार्चमध्ये हिमलर स्वतः तेथे येऊन गेला. मोनोविट्झ नावाचे लगतचे खेडे उठविण्यात आले, त्यातील पोलिश माणसांना हाकलून दिले, आणि १९४२ च्या ऑक्टोबरात त्या जागी कारखान्याची स्वतंत्र छावणी वसविली. कंपनीने अडाणी मजुरामागे दिवसाला तीन मार्क आणि कसबी माणसामागे चार मार्क सरकारच्या त्या काळ्या गणवेशातील संघटनेला द्यावेत असा करार होता. मजुराला अर्थात काहीच नाही. १९४४ मध्ये तेथील बंदिवानांची संख्या अकरा हजारांच्या आसपास गेली होती, आणि ती कायम राही याचे कारण माणसे टिकत हे नव्हे. सिमेंटची पोती धावत वाहून, उपाशीपोटी, थंडीत जे अशक्त होत त्यांना काही मैलांवरील बिर्केनाऊस पाठवीत, आणि त्यांच्या जागी नवे येत.

या छावणीत ट्यूरिनचा एक तरुण रसायनज्ञ होता, प्रीमो लेव्ही. त्याचा क्रमांक १७४५१७. मजुरांतून प्रयोगशाळेसाठी माणसे निवडावयाची म्हणून त्याची रसायनशास्त्रात परीक्षा घेण्यात आली: पट्टेरी कपडे घातलेला, अर्धपोटी माणूस एका जर्मन डॉक्टरासमोर उभा, आणि प्रश्न सेंद्रिय रसायनाचे. तो उत्तीर्ण झाला. १९४४-४५ च्या हिवाळ्यात तो उबदार खोलीत राहू शकला, आणि जगण्याच्या ज्या काही कारणांचा त्याने पुढे उल्लेख केला त्यांत हे एक होते. मी महाविद्यालयात अनेक वर्षे परीक्षक म्हणून काम केले आहे. ही हकीकत प्रथम वाचली तेव्हापासून तोंडी परीक्षेच्या टेबलाशी बसताना मला ती कधी कधी आठवते, आणि समोरच्या मुलाला आधी खुर्ची देण्याची मला सवय लागली.

या साऱ्या खटाटोपातून रबर किती निघाले? मुळीच नाही. मिथेनॉलसारखी काही रसायने तेथे तयार झाली. बुना रबराचा एक तुकडाही तेथे कधी बनला नाही. १९४४ च्या उन्हाळ्यापासून अमेरिकन विमाने तेथवर येऊ लागली, यंत्रे नादुरुस्त होत गेली, आणि २७ जानेवारी १९४५ रोजी रशियन फौजा छावणीत शिरल्या तेव्हा तेथे मागे टाकलेले आजारी व मृत तेवढे होते. हजारो माणसे ज्या रबरासाठी मारली, ते रबर झालेच नाही. न्यूरेंबर्ग येथे कंपनीच्या अधिकाऱ्यांवर चाललेल्या खटल्याचा निकाल १९४८ च्या जुलैत लागला. आम्ब्रोस यांस आठ वर्षांची व फ्रिट्झ टेर मेअर यांस सात वर्षांची सजा झाली, ती त्यांनी पुरी भोगली नाही. टेर मेअर पुढे १९५६ साली बायर कंपनीच्या पर्यवेक्षक मंडळाचे अध्यक्ष झाले. ओश्विएंचिमचा कारखाना युद्धानंतर पोलंडच्या सरकारने चालविला, आणि तेथे आता खरोखरच ब्यूटाडाइनचे रबर निघते. ते इतर कोठल्याही रबरासारखेच असते.

अमेरिकेची गोष्ट याहून सुखाची आहे, म्हणून तिच्यात भांडणे पुष्कळ आहेत. १५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर पडले, मागोमाग जावाही गेले, आणि जगातील सुमारे नऊदशांश नैसर्गिक रबर जपानच्या ताब्यात आले. अमेरिकेला वर्षाला सहा लाख टनांच्या आसपास रबर लागे. जूनमध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी लोकांना आवाहन केले की जुनी टायरे, बागेतील नळ्या, पावसाळी अंगरखे, बूट, जे काही रबराचे असेल ते पेट्रोलपंपावर आणून द्यावे. आणि लोकांनी साडेचार लाख टनांचा ढीग घातला. त्यातील पुष्कळसे इतके झिजलेले होते की उपयोग थोडाच झाला. कृत्रिम रबर केल्यावाचून गत्यंतर नव्हते. त्यात तीन भाग ब्यूटाडाइन व एक भाग स्टायरीन घालावयाचे, हेही ठरले होते. प्रश्न एवढाच, की ब्यूटाडाइन आणावयाचे कोठून?

तेलकंपन्या म्हणाल्या, तेलापासून. त्यातील सर्वांत मोठ्या कंपनीने आय. जी. फार्बेनशी १९२९ पासून करार करून एकमेकांच्या क्षेत्रांत पाऊल न टाकण्याचे ठरविले होते, हे १९४२ च्या मार्चमध्ये चव्हाट्यावर आले तेव्हा सेनेटर ट्रूमन यांनी त्या वर्तनाला देशद्रोहाच्या पंक्तीस बसविले. इकडे मक्याच्या प्रदेशातील शेतकरी व त्यांचे प्रतिनिधी म्हणू लागले की आमच्या कोठारांत धान्य कुजत आहे. रशियन मद्यार्कापासून रबर करतात, मग आम्ही का नाही? आयोवाचे सेनेटर जिलेट यांनी चौकशी चालविली. धान्यापासून रबर करण्यासाठी स्वतंत्र खाते काढण्याचे विधेयक काँग्रेसने संमत केले. ऑगस्टमध्ये रूझवेल्ट यांनी ते नाकारले, आणि त्याच वेळी तिघांची एक समिती नेमली. अध्यक्ष बर्नार्ड बरूक, धनाढ्य आणि मुत्सद्दी, जे सरकारी कचेरीपेक्षा व्हाइट हाउससमोरच्या बागेतील बाकावर बसून सल्ला देणे पसंत करीत. आणि दोघे विद्यापीठीय शास्त्रज्ञ, हार्वर्डचे कोनंट व मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूटचे कॉम्प्टन. १० सप्टेंबर रोजी, म्हणजे महिन्याभरात, अहवाल आला. आपल्याकडील समित्यांच्या कालगणनेची सवय असलेल्या वाचकाला हे खरे वाटणार नाही. रबराचा तुटवडा हा देशापुढील सर्वांत मोठा धोका आहे असे समितीने बजावले, टायरे वाचविण्यासाठी मोटारींचा वेग ताशी पस्तीस मैलांवर आणावयास लावला, आणि दोन्ही पक्षांच्या वादात एकाचीच बाजू न घेता तेलाच्या कारखान्यांबरोबर मद्यार्काचे कारखानेही पुरे करण्यास सांगितले.

पुढे झाले ते शेतकऱ्यांच्या पथ्यावर. तेलातील ज्या भागापासून ब्यूटाडाइन निघते, तोच भाग विमानांच्या उंची पेट्रोलला हवा होता, आणि तेलाच्या कारखान्यांची यंत्रसामग्रीही रखडली. उलट वेस्ट व्हर्जिनियातील इन्स्टिट्यूट या गावचा मद्यार्काचा कारखाना १९४३ च्या जानेवारीतच चालू झाला. पेनसिल्व्हेनियात ओहायो नदीच्या काठी कॉपर्स कंपनीने उभारलेल्या कारखान्याच्या वस्तीला तर 'कोब्यूटा' असे नावच पडले: कॉपर्सचा 'को' आणि पुढे ब्यूटाडाइन. १९४३ व १९४४ या दोन्ही वर्षी अमेरिकेतील ब्यूटाडाइनचा निम्म्याहून अधिक भाग मद्यार्कापासून आला. १९४१ साली या सर्वसाधारण उपयोगाच्या रबराचे उत्पादन साऱ्या वर्षात २३१ टन होते. १९४५ मध्ये ते महिन्याला ७०,००० टनांवर पोहोचले. नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरलेल्या फौजेची चाके मक्यावर व गव्हावर फिरत होती असे म्हटले तर ते अलंकारिक होणार नाही.

युद्ध संपले आणि तेल स्वस्त झाले. कोरियाच्या युद्धात मद्यार्काचे कारखाने पुन्हा काही दिवस पेटले तेवढेच. १९५५ साली सरकारने आपले रबराचे कारखाने खाजगी कंपन्यांस विकले. आज जवळजवळ सारे ब्यूटाडाइन तेलातून, तेही प्रायः इथिलीन काढताना हाती येणारा जोडपदार्थ म्हणून, मिळते. ज्याच्यासाठी माणसे मारली व ज्याच्यावरून काँग्रेस भांडली, तो वायू आता दुसऱ्याच्या पंगतीत उरलेल्या वाढपासारखा येतो.

मात्र मद्यार्काची ही शाखा जगात जवळजवळ निर्वंश होत असता ती एका ठिकाणी नव्याने रुजली, आणि ते ठिकाण आपल्याच देशातले. उत्तर प्रदेशात बरेलीजवळ फतेहगंज येथे किलाचंद घराण्याच्या पुढाकाराने व अमेरिकेतील फायरस्टोन कंपनीच्या सहकार्याने सिंथेटिक्स अँड केमिकल्स या कंपनीने १९६३ साली भारतातील पहिला कृत्रिम रबराचा कारखाना सुरू केला. तेव्हा आपल्याकडे तेलापासून असली रसायने काढण्याची सोय नव्हती. साखर कारखान्यांची मळी मात्र उदंड होती. महाराष्ट्रातील ऊसकरी भागात राहणाऱ्या वाचकांना मळी म्हणजे काय व तिचा वास कोठवर जातो हे सांगावयास नको. तिच्यापासून मद्यार्क, मद्यार्कापासून ब्यूटाडाइन, आणि त्याचे रबर, असा हा व्यवहार होता. लेबेडेव्ह यांच्या बटाट्याची जागा उसाने घेतली.

आणि येथेच त्या वायूचे कूळ न्यायालयात गेले. मद्यार्क म्हटला की अबकारी खाते आले. राज्य सरकारने औद्योगिक मद्यार्कावर शुल्क बसविले. कंपनीचे म्हणणे असे, की घटनेने राज्यांकडे सोपविला आहे तो मादक पेयांचा विषय. आमचा मद्यार्क कोणी पिऊ शकत नाही, तो रबर होण्यासाठी जन्मला आहे. ऑक्टोबर १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने कंपनीचे म्हणणे मान्य केले. पस्तीस वर्षे तो निर्णय कंपनीच्या नावाने कायद्याच्या पुस्तकांत राहिला. ऑक्टोबर २०२४ मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने आठ विरुद्ध एक अशा मताने तो फिरविला आणि औद्योगिक मद्यार्क हाही राज्यांच्या अधिकारातील मादक द्रव्यांच्याच गोत्राचा ठरविला.

कंपनीला त्याचे सुखदुःख होण्याचे कारण उरले नव्हते. तिचा कारखाना १९९९ सालीच बंद पडला होता, आणि कामगारांच्या थकलेल्या पैशांचा व जमिनीच्या मालकीचा वाद मागे राहिला होता. भारतात आता ब्यूटाडाइनचे रबर होते ते सुरतेजवळ हजिऱ्यास आणि पानिपतास, ज्या गावाचे नाव मराठी कानाला निराळ्याच कारणाने परिचित आहे. दोन्ही ठिकाणी ते तेलापासूनच. फतेहगंजच्या शेकडो एकरांच्या आवारात झाडी माजली. तेथे एक वाघीण येऊन राहिली, आणि सव्वा वर्षाच्या प्रयत्नांनंतर जून २०२१ मध्ये वनखात्याच्या माणसांनी तिला त्या ओसाड कारखान्यातून पकडून नेले.